साहेब, आधी नळी उलटून बघा!

जुन्या इंग्रजी बंदुकीचे आपल्याकडे दोन वैरी आहेत. एक तिला भंगार समजून मोडीत काढायला निघालेला. दुसरा तिला पणजोबांचा पराक्रम समजून बार काढायला निघालेला. पहिला सरकारी खुर्चीत बसतो, दुसरा आपल्याच भावकीत. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एका बाबतीत दोघं सख्खे भाऊ. समोरची बंदूक नक्की कोणती, हे दोघांनीही कधी बघितलेलं नसतं.

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरची वाडवडिलांची दुनळी माळ्यावर, दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाकडे तीन बंदुका चालायच्या, त्या दोनवर आल्या. वारसाहक्कानं आलेल्यांनाही हीच मर्यादा. तिसरी असेल तर वर्षाच्या आत जमा करा, असं फर्मान. मर्यादेला माझा विरोध नाही. गावागावात बंदुका कमी झाल्या तर मला आनंदच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या घरात तीन होत्या, तिथे कोणती जमा झाली असेल? साधा हिशेब आहे. जी रानडुकरावर चालते ती ठेवली. जिची काडतुसं मिळतात ती ठेवली. आणि जी जड, जुनी, जिचं काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नाही, ती दिली. म्हणजे सगळ्यात जुना, सगळ्यात दुर्मीळ नग सगळ्यात आधी घराबाहेर गेला. कोणी बघितलं का तो काय होता? पावती तपासा. पावतीवर असेल: 'डीबीबीएल, १२ बोअर.' बस्स.

डीबीबीएल म्हणजे दुनळी, मागून भरायची. हे वर्णन आहे का ओळख? 'चारचाकी, पांढरी' लिहून आरटीओ गाडीची नोंद करतं का?

ही सवय आजची नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्या साहेबाला सूट. त्या वहीचा उद्देश एकच, बंदूक कोणत्या 'नेटिव्ह'च्या घरात आहे हे कळणं. बंदूक कशी आहे हे विचारायची इंग्रजाला गरज नव्हती, कारण ते काम त्याच्या देशात आधीच होऊन, नळीवर शिक्के मारून यायचं. इंग्रज गेला, १९५९ चा कायदा आला, २०१६ चे नियम आले, परवाने संगणकावर चढले, परवानाधारकाला युआयएन नंबर मिळाला. नंबर माणसाला मिळाला हो! वहीचा प्रश्न अजून तोच आहे: कोणाकडे आहे? काय आहे, हा रकाना दीडशे वर्षं जवळपास कोराच.

आता ते शिक्के काय सांगतात ते बघू. मी काही बंदुकीचा कारागीर नाही, पण हे वाचायला कारागीर व्हावं लागत नाही.

आधी 'बोअर'. अनेकांना वाटतं १२ बोअर म्हणजे १२ मिलिमीटर. तसं नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती १२ बोअर. म्हणून आकडा जितका लहान, नळी तितकी मोठी. १२ बोअरचं तोंड साधारण १८.५ मिलिमीटर, १० बोअरचं १९.७, ८ बोअरचं २१.२. आणि ४ बोअर म्हणजे पाव पौंडाची, ११३ ग्रॅमची गोळी! इंग्लंडमध्ये ८ आणि ४ बोअरच्या बंदुका खाडीकाठच्या दलदलीत बदकं आणि हंस मारायला वापरायचे, उंचावरून जाणाऱ्या थव्यापर्यंत छऱ्यांचा मोठा घास पोचावा म्हणून. हिंदुस्थानात आणि सिलोनमध्ये साहेबांनी याच मापाच्या बंदुका मोठ्या जनावरांवर चालवल्या. त्यांचं बघून संस्थानिकांनी मागवल्या, त्यांचं बघून सरदार-इनामदारांनी. आपल्या वाड्यांत या आल्या त्या अशा.

आता शिक्के. इंग्लंडमध्ये नळी विकण्याआधी तिची चाचणी करावी लागते. मुद्दाम जास्त दारू भरून बार काढायचा, नळी टिकली तर शिक्का. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ सालची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली जीपी ही गुंतवलेली अक्षरं. बर्मिंगहॅमचा जुना शिक्का म्हणजे मुकुट आणि एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड. १९०४ पासून बर्मिंगहॅमनं मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं मारायला घेतली. १८८७ पासून एक चौकटच्या बदामासारखी खूण दिसते, तिच्यात आकडा आणि खाली सी हे अक्षर. तो आकडा काडतुसाच्या घराचा, म्हणजे चेंबरचा. आणि १८९६ पासून 'नायट्रो प्रूफ' हे शब्द मिळू लागले, अर्थ असा की धूर न करणाऱ्या नव्या दारूवरही ही नळी तपासली आहे. शिक्का नसेल तर ती काळ्या दारूची बंदूक, असंच धरून चालायचं.

हे सगळं कुठे असतं? नळ्या लाकडापासून सोडवल्या की खालच्या बाजूला, मागच्या सपाट भागावर. उलटून बघितल्याशिवाय दिसत नाही. आणि उलटून कोण बघतो?

मागच्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका घरातून निरोप आला. घरातले आजोबा गेले होते, बंदूक रीतसर दुकानदाराकडे जमा होती. वारसाचं म्हणणं, 'भाऊ, सरकारला देऊन टाकू का? तुम्ही जरा बघा.' परवान्यावर लिहिलेलं, १२ बोअर, इंग्लंड. दुकानात बंदूक काढली. दुकानदारानं ती दोन्ही हातांनी धरून काउंटरवर ठेवली तेव्हाच संशय आला. साधी बारा बोअर तीन किलोच्या आसपास भरते, ही तिच्या दुप्पट. त्यानं आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग त्या सोडवल्या, उलट्या केल्या, तेलाचं फडकं फिरवलं. बदामाच्या चौकटीत आकडा होता ८. शेजारी बर्मिंगहॅमचे राजदंड. नायट्रोचा शिक्का कुठेच नाही. म्हणजे १८८७ ते १९०४ च्या दरम्यान तपासलेली, काळ्या दारूची, आठ बोअरची बंदूक. दर तीन वर्षांनी नूतनीकरणाचा शिक्का बसत आलेला, निवडणूक आली की जमा, निकाल लागला की परत. इतक्या वेळा सरकारी हातातून गेली आणि एकाही हातानं आकडा वाचला नाही!

त्या बंदुकीच्या पट्टीवर मुंबईच्या एका जुन्या दुकानाचं नाव होतं. वारसाला वाटलं तोच कारखाना. तसं नसतं. बर्मिंगहॅमचे कारागीर बिननावाच्या बंदुका घडवायचे आणि विकणारा आपलं नाव कोरून घ्यायचा. मुंबईत १८९१ साली काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्हीचं दुकान उघडलं, तिथेही दुकानाच्या नावाच्या बंदुका विकल्या जायच्या. उलट बाजूही आहे. बेल्जियममधल्या लिएज शहरातून नामांकित इंग्रजी कारखान्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं कोरलेल्या स्वस्त बंदुका जगभर गेल्या. नाव इंग्रजी आणि शिक्का अंडाकृतीत ईएलजी, म्हणजे माल लिएजचा. तेव्हा पट्टीवरचं नाव बघून कोणी लाखांचे आकडे सांगत असेल तर त्यालाही सांगा, आधी नळी उलटून बघ. नाव खोटं बोलू शकतं. प्रूफचा शिक्का सहसा बोलत नाही.

आता दुसऱ्या वैऱ्याकडे वळतो. आपल्या भावकीतल्या.

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की याच्या अंगात येतं. 'आजोबांनी चाळीस वर्षं उडवली, काही झालं नाही.' अरे राजा, आजोबांनी काय भरून उडवली ते ठाऊक आहे का तुला? आजोबांच्या काळ्या दारूचा जाळ आणि आजच्या नायट्रो दारूचा जाळ यांत फरक आहे. काळी दारू धूर फार करते, पण दाब कमी ठेवते. जुन्या दमास्कस नळ्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेल्या, त्या दाबासाठी घडवलेल्या. वरून नक्षी कितीही सुंदर दिसू दे, आत शंभर वर्षांचा गंज कुठे बसलाय ते डोळ्यांनी दिसत नाही. आपल्या कोकणच्या हवेत तर बोलायलाच नको.

दुसरी फसगत लांबीची. जुन्या इंग्रजी बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. आजचं पुष्कळसं काडतूस पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचं. गंमत अशी, की ही ७० ची लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. दुमडलेलं असताना ते आखूड असतं, त्यामुळे ६५ च्या घरात गुपचूप बसतं. बंदूकही नीट मिटते. चाप ओढला की काडतुसाचं तोंड उलगडायला जागा नाही, ते पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब चढतो. 'बसलं म्हणजे चालतं' हा नियम चपलेलासुद्धा लागू होत नाही, बंदुकीला काय लागणार!

आणि सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे घरी काडतूस भरणं. आपल्या खडकीच्या कारखान्यात बारा बोअरची काडतुसं बनतात, ती दुकानात मिळतात. आठ किंवा दहा बोअरचं काडतूस आपल्या दुकानात मागून बघा, दुकानदार हसेल. मग हा बहाद्दर जुनी पितळी काडतुसं शोधतो, आणि घरात बसून भरतो. जुन्या डब्यावर वाचतो 'इतके ड्रॅम'. तो आकडा काळ्या दारूचा असतो. तेवढीच नायट्रो मापून भरली तर ते काडतूस राहत नाही, तो हातातला बॉम्ब होतो. शिवाय मोठ्या बोअरच्या बंदुकांत आणखी एक खोच आहे. काही नळ्या पातळ पितळी काडतुसासाठी केलेल्या असतात, जाड कागदी काडतुसासाठी नाही. अशा आठ बोअरच्या नळीचं आतलं माप चक्क सात बोअरचं भरतं. म्हणजे चेंबरचा आकडा एक, नळीचा दुसरा. मधली चकती कोणत्या मापाची घालायची, हे इंग्लंडमधले मुरलेले लोकसुद्धा आधी मोजतात, मग ठरवतात. तिथे जुनी बंदूक उडवायचीच असेल तर जाणकार बंदूकसाजाकडून नळीची जाडी मोजून घेतात, गरज पडली तर प्रूफ हाऊसकडे पुन्हा चाचणीला पाठवतात. आपल्याकडे हे सगळं एका पडवीत, चहाच्या कपानं दारू मापून चालतं.

आणि हा कायद्यानंही खेळ नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली मना आहे, आणि २०१९ नंतर त्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. वरातीत किंवा मिरवणुकीत लोकांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वारसा जपायचा म्हणता ना? वारसा भिंतीवर जपतात. वरातीत वारसा उडवत नाहीत.

आता दोन्ही वैऱ्यांना एकत्र आणणारी गोष्ट सांगतो.

१९५९ च्या कायद्यातच कलम ४५ मध्ये सूट आहे. कालबाह्य घडणीचं किंवा पुरातन मोलाचं शस्त्र, जे दुरुस्त करूनही चालणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलले. 'क्युरिओ' या गटातली लहान शस्त्रं भारतीय नागरिकाला जवळ बाळगायला परवाना लागत नाही. ती वापरायची, बाळगून फिरायची, कुठे न्यायची असतील तर परवाना लागतो, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय तिची काडतुसं विकत मिळत नाहीत. इंग्लंडमध्येही हाच विचार आहे. आठ आणि चार बोअरच्या जुन्या बंदुका केवळ शोभेची वस्तू म्हणून ठेवल्या तर त्यांना परवाना माफ, उडवायची म्हटली की परवाना आणा.

किती साधा सौदा आहे बघा! ठेव, पण उडवू नको.

पण हा सौदा करायचा तर आधी सिद्ध काय करावं लागणार? की ही बंदूक कोणती, कोणत्या काळातली, कोणत्या काडतुसाची. आणि कागदावर लिहिलंय 'डीबीबीएल, १२ बोअर'. मग सूट कशाच्या आधारावर मागणार? चुकीच्या ओळखीची बंदूक तिसरी म्हणून मोजली जाते, जमा होते, आणि वारसानं पाठपुरावा सोडला की एके दिवशी नष्ट करायच्या यादीत जाऊ शकते. आणि तीच बंदूक कोणी सोडवून आणली, तर त्याच कागदावरच्या '१२ बोअर' वर विश्वास ठेवून तिच्यात बारा बोअरचं काडतूस घालायला निघतो. आठ बोअरच्या घरात बाराचं काडतूस! कारकुनाचा एक आकडा इकडे इतिहास मारतो, तिकडे माणूस मारू शकतो.

मला माहीत आहे, पोलीस खात्यातले माझे मित्र म्हणतील, 'भाऊ, आम्हाला बंदोबस्तातून श्वास नाही आणि तुम्ही नळ्या उलटायला सांगता?' खरं आहे. पण निवडणुकीला तुम्ही जिल्ह्यातल्या बंदुका जमा करून घेता ना? महिना-दीड महिना त्या तुमच्याच खोलीत असतात. मुख्यालयात आर्मोरर असतो, त्याला हे काम येतं. एका बंदुकीला पंधरा मिनिटं. आणि जिथे जुनी बाहेरच्या घोड्यांची किंवा अवाढव्य वजनाची दुनळी दिसेल, तिथेच हे करायचं आहे, सरसकट नाही.

दुसरा आक्षेप येईल पुरोगामी मित्रांकडून. 'शिकारी साहेबांच्या आणि सरंजामदारांच्या बंदुकांचं कौतुक कशाला?' कौतुक नाहीच. त्या नळ्यांतून किती जनावरं मेली, त्यांच्या धाकावर किती कुळांनी माना खाली घातल्या, हे मलाही कळतं. पण हाही इतिहासच आहे, आणि पुरावा वितळवून इतिहास पुसला जात नाही, फक्त दाखवायला काही उरत नाही. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. बाहेर न्यायला बंदी आणि घरच्या घरी वितळवायला मोकळीक, हा कुठला न्याय?

तेव्हा मागण्या मोजक्या आहेत.

एक. जमा झालेली कोणतीही जुनी दुनळी नष्ट करण्याआधी तिचं एक पानी ओळखपत्र करा. पाच रकाने पुरेत: शिक्के, चेंबरचा आकडा आणि लांबी, नळीचं माप, पट्टीवरचं नाव, नंबर. सोबत नळीच्या खालच्या भागाचा स्पष्ट फोटो.

दोन. परवान्यावरचा बोअर चुकीचा निघाला तर वारसाला आरोपीसारखं उभं करू नका. नोंद तुमच्या कार्यालयानं केलेली आहे, दुरुस्ती पण तुम्हीच करा.

तीन. क्युरिओची सूट काय आहे, अर्ज कोणाकडे, कागद कोणते, याचा मराठीत एक फलक जिल्हाधिकारी कार्यालयात परवाना शाखेबाहेर लावा. आज विचारायला गेलेला माणूस तीन टेबलं फिरून घरी येतो आणि 'देऊन टाकू' म्हणतो.

चार. ज्यांना घरी ठेवायची नाही त्यांची दुर्मीळ बंदूक आधी सरकारी वस्तुसंग्रहालयाला दाखवा. त्यांनी नको म्हटलं तरच पुढचा विचार.

आणि आपल्या लोकांना माझ्या तीन विनंत्या. शिक्क्यांवर पॉलिश पेपर घासू नका, चकाकी येईल पण वय पुसलं जाईल. स्वतः उघडझाप करू नका, परवानाधारक दुकानदाराकडून किंवा आर्मोररकडूनच बघून घ्या. आणि काडतूस भरायचा विचार डोक्यातून काढा. आठ बोअरच्या बंदुकीनं आपलं काम शंभर वर्षांपूर्वी केलं. आता तिनं आपल्यासाठी बार काढावा अशी अपेक्षा करणं म्हणजे ऐंशीच्या आजीला शेतात नांगराला जुंपणं.

हे निवेदन म्हणून मी या आठवड्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात देतोय. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये 'सोबत आहे' लिहा. ज्यांची बंदूक आत्ता जमा आहे त्यांनी स्वतःचा अर्जही द्या, तोंडी नको, लेखी द्या, पोच घ्या. मजकूर एका ओळीचा पुरे: 'आमची बंदूक नष्ट करण्यापूर्वी तिच्या नळीखालचे शिक्के वाचून त्याची नोंद आम्हाला द्यावी.'

एवढं मागायला परवाना लागत नाही.